तस्करीविरोधी कायदे आणि विद्यापीठं : शिकागो ते सांगली



बायकामुलींची तस्करी थांबवायला सरकार कायदा करतं, त्यात विद्यापीठाचा काय संबंध, असा प्रश्न आजच्या विषयाचं नाव वाचून तुमच्यापैकी काहींना पडला असेल. धाड पोलीस घालतात. खटला कोर्टात चालतो. सोडवलेल्या मुलींना सुधारगृहात नेतात. या सगळ्यात प्राध्यापक कुठे आले? तर ते कुठे आले आणि आल्यावर कसे वागले, हेच आज सांगायचं आहे. दोन हकिकती आहेत. पहिली शंभर वर्षांपूर्वीची, शिकागोची. दुसरी आपल्या डोळ्यांदेखत घडलेली, वॉशिंग्टनमध्ये सुरू होऊन सांगलीपर्यंत आलेली. दोन्ही मुळात अमेरिकी कायद्यांच्या आहेत, आणि दुसरी आपल्या दारात येते कारण त्या कायद्याच्या मागे पैसा होता.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, म्हणजे नंतर गैरसमज नको. तस्करी हे खरं दुःख आहे, कोणाच्या कल्पनेतलं नाही. १९९६ च्या फेब्रुवारीत मुंबईत कामाठीपुऱ्यात उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर धाडी पडल्या आणि चारशेहून जास्त मुली बाहेर काढल्या गेल्या. त्यातल्या बऱ्याच नेपाळच्या होत्या. त्यांना परत न्यायलासुद्धा लवकर कोणी पुढे येईना. तेव्हा कायदा नको, असं मी म्हणणार नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. कायद्यात एखादा सैल शब्द राहिला, की त्याच्या सावलीला सगळ्यात आधी कोण घाबरतं? गुन्हेगार घाबरत नाही, त्याला वकील मिळतो. आधी घाबरतं विद्यापीठ. आणि विद्यापीठ घाबरलं, की ज्या बायकांसाठी कायदा केला, त्यांच्याविषयी आपल्याला काही कळणंच बंद होतं.

शब्दांचं म्हणाल तर आपल्याकडेही गंमत आहे. आपल्या घटनेच्या २३ व्या अनुच्छेदात माणसांच्या ‘अपव्यापारा’ला मनाई आहे. १९५६ च्या कायद्याचं नाव पुढे १९८६ मध्ये बदललं आणि तो ‘अनैतिक व्यापार प्रतिबंधक’ झाला. पोलीस आणि वार्ताहर त्याला नुसतं ‘पिटा’ म्हणतात. वर्तमानपत्रं आता ‘मानवी तस्करी’ लिहितात. तीन शब्द, तीन अर्थ. अपव्यापारात माणूस विकला जातो, हा दोष आहे. अनैतिक व्यापारात नीती बिघडते, हा दोष आहे. तस्करीत चोरून ने-आण होते, हा दोष आहे. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे शब्दांवर अडायची मला सवय आहे. पण इथे शब्दांवर अडणं हा रिकामटेकडा उद्योग नाही. माणसं तुरुंगात जातात ती शब्दांवरूनच.

आता शिकागोला जाऊ.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेत ‘गोऱ्या गुलामगिरी’ची मोठी हाकाटी उठली होती. खेड्यातून शहरात नोकरीला आलेल्या गोऱ्या मुलींना फसवून, पळवून कुंटणखान्यात विकतात, असं मासिकं, चर्चमधली प्रवचनं, नाटकं सगळीकडून सांगितलं जात होतं. यात तथ्य होतंच, आणि भीतीही होती. मुली एकट्या शहरात येऊन पगार मिळवू लागल्या होत्या, त्याची ती भीती. १९०४ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय करार झाला. १९१० मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदा केला. तो मांडला शिकागोच्याच जेम्स मान या सभासदाने, म्हणून तो ‘मान ॲक्ट’ या नावाने ओळखला जातो. त्याचा गाभा असा, की वेश्याव्यवसायासाठी, भ्रष्ट करण्यासाठी किंवा ‘इतर कोणत्याही अनैतिक हेतूने’ स्त्रीला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणं हा केंद्रीय गुन्हा.

‘इतर कोणत्याही अनैतिक हेतूने’. हे चार शब्द लक्षात ठेवा.

त्या वेळी केंद्र सरकारचं तपास खातं जेमतेम दोन वर्षांचं होतं. आज आपण ज्याला एफबीआय म्हणतो, तेच ते. या कायद्याने त्याला काम मिळालं, माणसं मिळाली, गावोगावी कचेऱ्या मिळाल्या. मग खटले कोणावर झाले? काही खऱ्या दलालांवर झाले. पण जॅक जॉन्सन या काळ्या मुष्टियोद्ध्यावरही झाला. तो जगज्जेता होता आणि गोऱ्या बायकांबरोबर राहत होता, हा त्याचा खरा गुन्हा. १९१३ मध्ये त्याला दोषी ठरवलं गेलं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातले दोन विवाहित तरुण आपल्या मैत्रिणींना घेऊन शेजारच्या नेव्हाडा राज्यात पळाले. पैशाचा व्यवहार नाही, कोणाला विकणं नाही. तरी खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९१७ मध्ये निकाल लागला, की हाही ‘अनैतिक हेतू’च. म्हणजे सात वर्षांत गुलामगिरीविरुद्धचा कायदा व्यभिचाराविरुद्धचा कायदा होऊन बसला.

या निकालानंतर साधारण सव्वा वर्षाने शिकागो विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाला अटक झाली. विल्यम आयझॅक थॉमस. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे नाव माहीत असेल. माणसं एखादी परिस्थिती जशी समजून घेतात तशी वागतात आणि त्या वागण्याचे परिणाम मग खरेखुरे होतात, ही त्यांची कल्पना पुढे ‘थॉमस प्रमेय’ म्हणून पाठ्यपुस्तकात गेली. आपल्याच बाबतीत ती अशी सिद्ध होईल, असं त्यांना वाटलं नसावं.

थॉमस हे वेश्याव्यवसायाच्या प्रश्नाला अनोळखी नव्हते. १९१० मध्ये शिकागो शहराने या प्रश्नावर तीस जणांचं मंडळ नेमलं, त्यात ते होते. मंडळाचे सचिव होते एडविन सिम्स, म्हणजे मान कायद्याच्या मसुद्यात ज्यांचा हात होता तेच सरकारी वकील. मंडळाने १९११ मध्ये जाडजूड अहवाल दिला. दुकानांतल्या मुलींना आठवड्याला पगार किती, त्यात खोलीचं भाडं निघतं का, पोलिसांना हप्ते कसे जातात, सगळं त्यात होतं. आणि मग काय झालं, तर टपाल खात्याने तो अहवाल अश्लील ठरवून पोस्टाने पाठवायला बंदी केली! शहराने नेमलेल्या मंडळाचा अहवाल, धर्मगुरूंच्या अध्यक्षतेखाली तयार झालेला. माहिती गोळा करणारा आणि माहितीचा विषय यांच्यातला फरक सरकारला कळेनासा होतो, तो असा.

तर १९१८ च्या एप्रिलमध्ये थॉमस एका हॉटेलात एका तरुण विवाहित स्त्रीबरोबर सापडले. तिचा नवरा सैन्यात अधिकारी होता आणि युद्धासाठी फ्रान्सला गेलेला. केंद्रीय तपासनिसांनी पकडलं, मान कायदा लावला. थॉमस यांच्या पत्नी हॅरिएट या शांतता चळवळीत उघडपणे काम करत होत्या, आणि अमेरिका तेव्हा युद्धात होती. तपासनीस नेमके त्या हॉटेलवर कसे पोचले, याबद्दल तेव्हापासून आजपर्यंत संशय घेतला जातो. वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर बातम्या छापल्या. खटला मात्र कोर्टात टिकला नाही. आरोप फेटाळले गेले.

आता विद्यापीठाकडे बघा. अध्यक्ष हॅरी प्रॅट जडसन यांनी थॉमस यांना काढून टाकलं, कोर्ट काय म्हणतं याची वाट न पाहता. जवळजवळ पंचवीस वर्षं ज्या संस्थेत शिकवलं, तिथून काही दिवसांत बाहेर. सहकाऱ्यांमधून म्हणावा तसा आवाज उठला नाही. थॉमस यांनी झ्नानिएत्स्की या पोलिश तत्त्वज्ञाबरोबर अमेरिकेत आलेल्या पोलिश शेतकऱ्यांवर मोठा ग्रंथ लिहिला होता. पत्रं, कोर्टाचे कागद, आत्मवृत्त यांतून स्थलांतरितांचं जगणं मांडणारा. समाजशास्त्रातला तो पायाभूत ग्रंथ मानतात. त्याचे पहिले दोन खंड विद्यापीठाच्या छापखान्यातून निघाले होते. अटकेनंतर छापखान्याने पुढचे खंड काढायला नकार दिला. ते बॉस्टनच्या एका खासगी प्रकाशकाने काढले. एवढ्यावर थांबलं नाही. १९२१ मध्ये स्थलांतरितांवरचं आणखी एक पुस्तक आलं. मुख्यतः थॉमस यांनीच लिहिलेलं. पण ज्या प्रतिष्ठानाने त्या कामाला पैसा दिला होता त्यांना हे नाव नको होतं, म्हणून मुखपृष्ठावर पार्क आणि मिलर अशी दोन वेगळीच नावं छापली गेली. थॉमस यांचं नाव त्या पुस्तकाला मिळालं ते १९५१ मध्ये. तोपर्यंत ते वारले होते.

ते सज्जन होते की नव्हते, हा माझा विषय नाही. दुसऱ्याच्या बायकोबरोबर हॉटेलात जाणाऱ्या माणसाची वकिली करायला मी इथे उभा नाही. मला दिसतं ते हे, की कायद्याने त्यांना सोडलं आणि विद्यापीठाने सोडलं नाही. शिक्षा कायद्याने केली नाही. शिक्षा कायद्याच्या सावलीने केली, आणि ती अमलात आणली शिकलेल्या माणसांनी. त्यासाठी वरून लेखी आदेश यावा लागला नाही.

पुढे कायद्यातला तो ‘अनैतिक हेतू’ १९८६ मध्ये निघाला. शहात्तर वर्षांनी.

आता दुसरी हकिकत. हिच्यात एकटा प्राध्यापक नाही. हिच्यात सह्या आहेत, शपथा आहेत, अनुदानं आहेत. आपल्याला जास्त ओळखीची वाटेल.

२००० साल. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने तस्करीला बळी पडलेल्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. डिसेंबरात इटलीत पालेर्मोला संयुक्त राष्ट्रांच्या मसुद्यावर सह्या सुरू झाल्या. त्या मसुद्यातली व्याख्या बरीच विचारपूर्वक केलेली आहे. धाक, फसवणूक, सक्ती, पिळवणूक या गोष्टी असतील तर तस्करी. शेतावरची, कारखान्यातली, घरकामातली सक्तीही त्यात येते. वेश्याव्यवसाय स्वतः काय आहे, यावर देशांचं एकमत होईना, म्हणून तो प्रश्न मुद्दाम उघडा ठेवला. मला हा शहाणपणा वाटतो. जिथे एकमत नाही तिथे व्याख्येने जबरदस्ती करू नये.

वॉशिंग्टनमध्ये मात्र दोन वर्षांत वारं फिरलं. एका बाजूला इव्हँजेलिकल ख्रिस्ती संघटना, दुसऱ्या बाजूला वेश्याव्यवसाय हाच मुळात स्त्रीवरचा अत्याचार मानणाऱ्या काही स्त्रीवादी विदुषी. एरवी एका खोलीत न बसणारी माणसं. ती एकत्र आली आणि त्यांचं म्हणणं सरकारने उचललं. २००२ च्या डिसेंबरात बुश यांनी अध्यक्षीय निर्देश काढला, की वेश्याव्यवसाय हाच मुळात घातक आणि तस्करीला खतपाणी घालणारा आहे. २००३ मध्ये दोन कायद्यांत ही भूमिका आली. एक, तस्करीविरोधी कायद्याची सुधारणा. तिच्यात अनुदान मागणाऱ्याने अर्जातच लिहून द्यायचं, की आम्ही वेश्याव्यवसायाचा पुरस्कार करत नाही, तो कायदेशीर करा असं म्हणत नाही. दुसरा, एड्स, क्षय आणि मलेरियाविरुद्धचा जागतिक मदतीचा कायदा. पाच वर्षांसाठी १५ अब्ज डॉलर. हा पैसा ज्या संस्थेला हवा, तिचं वेश्याव्यवसाय आणि तस्करी या दोन्हींना स्पष्ट विरोध करणारं लेखी धोरण असलं पाहिजे. जागतिक निधी, जागतिक आरोग्य संघटना, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था यांना सूट. बाकीच्यांनी सही करायची.

सुरुवातीला ही अट फक्त परदेशी संस्थांना लावली. कारण अमेरिकी संस्थांना लावली तर घटनेच्या विरोधात जाईल, असा सल्ला त्यांच्याच न्याय खात्याने दिला होता. २००४ मध्ये तो सल्ला मागे घेतला गेला आणि २००५ पासून अट घरच्या संस्थांनाही लागू झाली. त्यात विद्यापीठं आली. कोलंबिया, हार्वर्ड यांच्या सार्वजनिक आरोग्याच्या विद्यालयांकडे आफ्रिकेतल्या एड्स उपचारांचे मोठमोठे कार्यक्रम याच पैशावर चालत होते. हजारो रुग्णांची औषधं त्यावर. अशा वेळी सही करायची की नाही, हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. सही नाकारली तर माणसं मरतील, आणि केली तर... तर काय? बरेच जण म्हणाले, एका कागदाने काय होतंय, करा सही आणि कामाला लागा. मला त्यांचा राग येत नाही. त्यांच्या जागी मी काय केलं असतं, ते इथे खुर्चीत बसून सांगणं फार सोपं आहे.

पण सही म्हणजे काय, ते नीट बघू. सरकारने अट घालावी, की माझ्या पैशातून अमुक प्रचार करू नका, तर ते समजू शकतं. पैसा सरकारचा. इथे अट वेगळी होती. सरकार म्हणत होतं, तुमचं मत असं असलं पाहिजे. आता विद्यापीठाला मत असतं का? प्राध्यापकाला असतं, विद्यार्थ्याला असतं. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, शेजारच्या दोन खोल्यांत दोन टोकांची मतं असतात आणि असावीत. ज्या शिकागोने १९१८ मध्ये थॉमस यांना घालवलं, त्याच शिकागोत १९६७ मध्ये, व्हिएतनाम युद्धाच्या गदारोळात, कायद्याचे प्राध्यापक हॅरी कॅल्वेन यांच्या समितीने एक छोटा अहवाल लिहिला. जेमतेम तीन-चार पानांचा असेल. त्याचा आशय असा, की टीका करण्याचं काम विद्यापीठातल्या माणसांचं. विद्यापीठाने संस्था म्हणून सामाजिक प्रश्नांवर सामुदायिक मत घेऊ नये, कारण ते घेतलं की वेगळं मत असणाऱ्यांना तिथे जागा उरत नाही. पटो न पटो, विचार स्वच्छ आहे. आणि २००५ ची अट नेमकी याच्या उलट आहे. विद्यापीठाला जे नसावं तेच ती मागते.

आणि मत ठरलं, की संशोधन कशाला करायचं? वेश्याव्यवसाय कायदेशीर केला तर तस्करी वाढते की घटते, हा उघडा, तपासून बघायचा प्रश्न आहे. न्यूझीलंडने २००३ मध्येच तो गुन्ह्यातून काढला, स्वीडनने १९९९ मध्ये गिऱ्हाइकाला गुन्हेगार ठरवलं. तुलना करायला आयती सामग्री होती. आणि इथे अर्जातच उत्तर लिहून द्यायचं! परीक्षेआधी पेपर फुटतो हे आपल्याला माहीत आहे. इथे परीक्षेआधी निकाल लागला होता.

आकड्यांचं सांगतो, कारण यातून ज्ञानाची किंमत कळते. १९९९ च्या एका सरकारी अहवालात होतं, की अमेरिकेत दरवर्षी ४५ ते ५० हजार बायकामुलांची तस्करी होते. या आकड्यावर कायदा उभा राहिला. २००३ मध्ये सरकार म्हणालं १८ ते २० हजार. २००४ मध्ये साडेचौदा ते साडेसतरा हजार. तस्करी एवढ्या झपाट्याने कमी झाली असं नाही, मोजण्याची रीत बदलली. जगभराचा आकडा ६ ते ८ लाख असा दिला जायचा. २००६ मध्ये अमेरिकेच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने त्यावर बोट ठेवलं. तो अंदाज एका माणसाने तयार केला होता आणि त्याने आपल्या कामाच्या पूर्ण नोंदीही ठेवलेल्या नव्हत्या. एम. ए. चा विद्यार्थी असा प्रबंध घेऊन आला असता तर आपण परत पाठवला असता. चांगले आकडे कोण देऊ शकलं असतं? विद्यापीठं. आणि त्यांनाच सांगितलं गेलं, आधी सही करा.

सावलीचं आणखी एक उदाहरण त्याच वर्षाचं. हा तस्करीच्या कायद्याचा थेट भाग नव्हता, पण वर्ष तेच, संसद तीच आणि भीतीही तीच. २००३ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली, की आरोग्य संशोधनाच्या अर्जात ‘सेक्स वर्कर’सारखे शब्द वापरू नका, असं अधिकारी संशोधकांना खासगीत सुचवत आहेत. जुलैत प्रतिनिधीगृहात एक दुरुस्ती आली. मंजूर झालेली काही अनुदानं काढून घ्या, अशी. तिच्यात धंदा करणाऱ्या बायकांच्या आरोग्याचा अभ्यासही होता. दुरुस्ती पडली. २१२ विरुद्ध २१०. दोन मतांनी! मग शरद ऋतूत एका धार्मिक संघटनेने केलेली यादी फिरली, दीडशेहून जास्त संशोधकांची. राष्ट्रीय आरोग्य संस्थेने त्यांना फोन करून प्रकल्पांचं समर्थन मागितलं. अखेर संस्थेने सगळ्या प्रकल्पांची पाठराखण केली. म्हणजे थॉमस यांच्यासारखंच, सगळे निर्दोष सुटले.

सुटल्यावर काय झालं? रटगर्स विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञ जोआना केम्पनर यांनी या यादीतल्या संशोधकांनाच गाठलं आणि २००८ मध्ये निष्कर्ष छापले. सुमारे निम्म्यांनी नंतरच्या अर्जांच्या नावांतून आणि गोषवाऱ्यांतून वादाचे शब्द काढून टाकले होते. साधारण चौथाई लोकांनी काही विषयच सोडले. काहींनी तर नोकरीच बदलली. कोणाला शिक्षा झाली नव्हती, तरी असं झालं. शब्द काढल्याने काय बिघडतं, असं वाटेल. पुढच्या पिढीचा विद्यार्थी जेव्हा तो विषय शोधायला जातो, तेव्हा तो शब्दच सापडत नाही. ग्रंथालयात पुस्तक आहे, पण सूचीत नाही, असं झालं की ते पुस्तक नसल्यातच जमा.

आता सांगली. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ ही संस्था मीना सेषू यांच्या पुढाकाराने एड्सवर काम करते. त्यातूनच १९९६ च्या सुमारास धंद्यातल्या बायकांची स्वतःची संघटना उभी राहिली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. निरोध वाटायचं काम त्या बायकाच करत. गल्लीतली भांडणं, पोलिसांचा त्रास, लहान मुलगी धंद्यात आणली गेली तर काय करायचं, हे सगळं त्या आपसांत बोलत. या कामाला महाराष्ट्रातल्या एड्स कार्यक्रमामार्फत अमेरिकी मदतीचा थोडा पैसा येत होता. सहीचा कागद आला तेव्हा संस्थेने तो नाकारला आणि पैसाही सोडला. कारण अगदी साधं होतं. ज्यांच्याबरोबर रोज बसायचं, त्यांच्या विरोधात असल्याचं लिहून कसं द्यायचं? त्याच वर्षी ब्राझीलच्या सरकारने याच कारणासाठी सुमारे ४ कोटी डॉलर नाकारले. ते सरकार होतं, आणि इथे एका जिल्ह्यातली संस्था.

मे २००५ मध्ये सांगलीच्या गोकुळनगरात एका अमेरिकी संघटनेच्या पुढाकाराने पोलिसांची धाड पडली. त्यानंतर वॉशिंग्टनमध्ये ‘संग्राम’वर सोडवणुकीत अडथळा आणल्याचे आरोप झाले. संस्थेने ते ठामपणे नाकारले. पण बघा, सांगलीतल्या एका गल्लीत काय झालं यावर सात समुद्रापलीकडे चर्चा, आणि त्या चर्चेत गोकुळनगरची बाई कुठेच नाही.

दरम्यान न्यूयॉर्कमध्ये २००५ पासून खटला चालू होता. २०१३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी ही अट घटनाबाह्य ठरवली. मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलं त्याचा आशय असा, की सरकार आपला पैसा कशावर खर्च व्हावा हे सांगू शकतं, पण पैशाच्या बदल्यात संस्थेला सरकारचं मत आपलं म्हणून मानायला लावू शकत नाही. विद्यापीठांनी सुटकेचा श्वास सोडला. आठ वर्षांनी सुटका! पण प्रश्न उरला. या अमेरिकी संस्थांच्या परदेशातल्या शाखांचं काय? तोही खटला वर गेला. २०२० मध्ये त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला, की परदेशी संस्थांना अमेरिकी घटनेचं संरक्षण नाही. त्यांना अट लागू राहणार.

म्हणजे बघा काय झालं. न्यूयॉर्कच्या प्राध्यापकाला मत न देण्याचं स्वातंत्र्य मिळालं. त्याच प्रकल्पातल्या नैरोबीच्या किंवा सांगलीच्या भागीदाराला मिळालं नाही. संशोधनपत्रिकेत दोघांची नावं शेजारी-शेजारी छापतात, सहलेखक म्हणून. एक मोकळा, एक शपथेला बांधलेला. आणि माहिती गोळा करायला गल्लीत जातो तो दुसराच. माहिती जिथून येते तिथेच तोंड बांधलं, तर वर बसून केलेलं विश्लेषण कितीही मोकळं असलं तरी त्याला अर्थ काय?

एक काम मात्र या सगळ्याच्या बाहेर राहून झालं आणि ते आपल्या पुण्यात झालं. पुणे विद्यापीठातल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापक रोहिणी साहनी आणि त्यांचे सहकारी व्ही. कल्याण शंकर यांनी धंद्यातल्या बायकांची देशव्यापी पाहणी केली. २०११ मध्ये तिचे प्राथमिक निष्कर्ष आले. १४ राज्यं, एक केंद्रशासित प्रदेश, ३,००० बायका. सांगलीच्याच वर्तुळातल्या अभ्यासकेंद्राचा तिला आधार होता. प्रश्न विचारण्याची पद्धत अर्थशास्त्राची होती. तू फसून आलीस की स्वतः आलीस, एवढंच विचारून थांबली नाही. याच्याआधी काय काम करत होतीस, किती वर्षांची असताना, मजुरी किती मिळायची, ते का सोडलंस, असं विचारलं. निम्म्याहून जास्त जणींनी आधी दुसरी कामं केलेली निघाली. धुणीभांडी, शेतमजुरी, बांधकामावरची बिगारी. काही जणी दोन्ही एकाच वेळी करत होत्या. फसवून विकल्या गेलेल्याही त्यात होत्याच, आणि त्यांचीही नोंद झाली.

या पाहणीवर आक्षेप घेता येतील. संघटनांमार्फत पोचलेल्या बायका जास्त बोलक्या असणार, कुंटणखान्यात कोंडलेली मुलगी प्रश्नावलीपर्यंत येणारच नाही. हे आक्षेप योग्य आहेत आणि ते घ्यायला हवेत. पण आक्षेप घ्यायला आधी समोर काहीतरी मांडलेलं असावं लागतं. १९११ च्या शिकागो अहवालातही पगार आणि भाड्याचे आकडे होते, आणि शंभर वर्षांनी पुण्याच्या पाहणीत परत मजुरीचाच प्रश्न आला. मधल्या काळात कोणी, कुठे, काय विचारायचं सोडून दिलं, त्याची यादी कोणाकडे नाही.

वेळ संपत आली आहे, संयोजक घड्याळ दाखवतायत. खाली मघापासून हात वर आहेत. मागच्या रांगेतल्या बाई, तुम्ही आधी विचारा.